गुणपत्रिका कोणाची?

पांढुर्णा व सौंसर परिसरातील जुन्या मराठी घराण्यांच्या शिक्षणाचा इतिहास एका ठिकाणी सापडत नाही. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्यापूर्वी नागपूरची महाविद्यालये प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. १९४६ साली डॉ. हरिसिंह गौर यांनी सागर विद्यापीठ उभारले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. येथील महाविद्यालये सागरकडून जबलपूरच्या आणि २०१९ नंतर छिंदवाड्याच्या विद्यापीठाकडे गेली. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हाही झाला. त्यामुळे एकाच घरातील आजोबांची पदवी नागपूरच्या दप्तरात, वडिलांची सागरच्या दप्तरात आणि नातीची थेट संगणकात, असे चित्र आढळते. या सर्व दप्तरांतील मजकुरावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला.

पूर्वी तो कोणाला सुचलाही नसता. परीक्षांचे निकाल वर्तमानपत्रांत छापून येत. ज्याचा क्रमांक त्यात नसे तो अनुत्तीर्ण, हे साऱ्या गावाला न सांगता कळे. उत्तीर्णांचे पेढे वाटले जात आणि अनुत्तीर्णाचे नाव वर्षभर ओट्यावर चघळले जाई. गंमत अशी की, जो निकाल जगाला खुला होता, त्यामागची उत्तरपत्रिका खुद्द विद्यार्थ्याला मात्र बंद होती.

या विसंगतीला पहिले मोठे आव्हान महाराष्ट्रातच मिळाले. तेथील शालान्त व उच्च माध्यमिक मंडळाच्या नियमानुसार परीक्षार्थीला उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० साली विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. परंतु १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि शिक्षणतज्ज्ञांनी केलेल्या नियमांत न्यायालयाने सहसा हात घालू नये, अशी भूमिका घेतली. पुढे माहितीचा अधिकार कायदा २००५ साली आला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी त्याच न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या प्रकरणात सांगितले की, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला अधिकार आहे. या निकालातील एक विचार आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. परीक्षा घेणारी संस्था विद्यार्थ्याची विश्वस्त आहे असे क्षणभर मानले, तरी त्या नात्याने तिला तिऱ्हाइतापासून कागद राखता येईल. ज्याचा तो कागद आहे त्याच्यापासून राखता येणार नाही.

स्वतःची नोंद पाहणे हा हक्काचा एक भाग झाला. ती इतरांनी पाहू नये, हा दुसरा. त्याचा पाया २४ ऑगस्ट २०१७ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाने घातला आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. आणीबाणीतील, जबलपूरच्या नावाने ओळखला जाणारा १९७६ चा निर्णयही त्या वेळी रद्दबातल झाला. त्या जुन्या निर्णयाच्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. तो चुकीचा होता असे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड त्यांचेच पुत्र. पित्याबद्दलचा आदर आणि स्वतःचा विवेक एकत्र नांदू शकतात, याचे हे उदाहरण आपल्या घरांनीही लक्षात ठेवावे असे आहे.

कारण प्रश्न अखेर घरापर्यंत येतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानुसार विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला किंवा महाविद्यालयात गेला की त्याच्या नोंदींवरील अधिकार आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो. करापुरते मूल पालकांवर अवलंबून असल्यास महाविद्यालय पालकांना माहिती देऊ शकते. तशी सक्ती नाही. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होऊन तो टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. त्यातही अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि पुढे स्वतःची, असा भेद आहे. मात्र हा कायदा संगणकीय नोंदींचा आहे. कपाटातील जुन्या दाखल-खारिज नोंदवहीला तो लागू नाही. तिचे पान संगणकावर चढवले की लागू होऊ शकतो.

खासगीपणाच्या नावाखाली सर्वच झाकावे, असे आमचे म्हणणे नाही. व्यापम प्रकरणाचा अनुभव घेतलेल्या प्रांतात ते शोभणारही नाही. सार्वजनिक नोकरभरतीतील उमेदवारांचे गुण खासगी म्हणून दडवता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटले. तर विद्यापीठातील गुण व पदवीच्या नोंदी वैयक्तिक माहितीत मोडतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. आमच्या मते या दोहोंत विरोध नाही. सरकारी पदावरची निवड ही सर्वांची बाब; एखाद्या मुलीला दुसऱ्या वर्षी गणितात किती गुण पडले, ही तिची.

आमच्या घरांत मात्र ही रेषा अजून पुसट आहे. शुल्क वडील भरतात म्हणून गुणपत्रिका वडिलांची, काका विचारतात म्हणून ती काकांची, आणि स्थळ पाहताना समोरच्या मंडळींनी मागितली की त्यांचीही. शुल्क भरणाऱ्या बापाची काळजी खोटी नसते, हे आम्ही जाणतो. पण काळजी विचारपूस करते आणि अधिकार परस्पर कागद मागवतो. सज्ञान मुलीची गुणपत्रिका तिला न विचारता तिसऱ्याच्या हाती देणे हे वात्सल्य नव्हे. आजोबांच्या पदवीसाठी नागपूरला आणि वडिलांच्या पदवीसाठी सागरला खेटे घालणाऱ्या आम्हां लोकांना कागदाची किंमत कोणी शिकवायला नको. तो कागद ज्याच्या नावाचा आहे त्याची परवानगी घेण्याची सवय तेवढी लावून घ्यावयाची आहे.