मिरी थांबते, म्हावरं थांबत नाही

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गल्लीतून चालायचं तर पाय जपून टाकावा लागतो. एका बाजूला दुरुस्तीला काढलेली जाळी, दुसऱ्या बाजूला चटयांवर वाळत घातलेल्या मिरच्या. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, काश्मिरी नजरेला. कफ परेडच्या मच्छीमार नगरात वर्षाचा मसाला याच दिवसांत होतो. मान वर केली की जागतिक व्यापार केंद्राची पस्तीस मजली इमारत दिसते. खाली आम्ही मिरच्यांची देठं काढत बसलेलो.

आमच्या घरचं माप आजीचं. पाच किलो मिरचीला पावशेर मिरी. लवंग-दालचिनी मागेपुढे झाली तरी चालेल, मिरी कमी करायची नाही. २०१६ साली मिरी किलोमागे सातशेच्या आसपास गेली, तेव्हा आईने गुपचूप दीडशे ग्रॅमवर भागवलं. कांडपावरून मसाला आला, पहिल्या रविवारी बोंबलाचं कालवण झालं. आजीने एक घास खाल्ला नि म्हणाली, "मसाला मुका झालाय गो." आईने कबूल केलं. आजी रागावली नाही. तिने मिरीचा भाव विचारला, जरा वेळ गप्प बसली आणि मग मशीद बंदरची गोष्ट सांगितली.

ती नऊ-दहा वर्षांची असेल. तिची आई टोपली विकून झाली की कधीमधी तिला घेऊन मशीद बंदरला मसाल्याचं सामान आणायला जाई. तिथे एका पेढीवर मिरीची गोणी उघडी ठेवलेली. पणजीने भाव विचारला, घासाघीस केली, दोनदा उठून गेल्यासारखं केलं. कोळणीचा हा हुकमी डाव. पण पेढीवरचा माणूस चोपडीतून मानसुद्धा वर करेना. "नको तर राहू दे, बाई," एवढंच म्हणाला. शेवटी पणजीने त्याच्याच भावाने घेतली. परतताना ती लेकीला म्हणाली, "त्याची मिरी पुढल्या सालीबी मिरीच. आपलं म्हावरं दुपारी बाराला मरतं. ज्याला थांबता येतं ना, भाव त्याचा."

हे वाक्य मी बरीच वर्षं बाजाराच्या शहाणपणाचं म्हणून ऐकत आले. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं, मिरीचा सगळा इतिहास त्यात आहे.

मिरी किती थांबू शकते? इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं रोमन काळातलं बंदर होतं. तिथल्या देवळात उत्खनन करणाऱ्यांना भारतीय बनावटीचा एक रांजण सापडला. आत साडेसात किलो काळी मिरी. आपल्या किनाऱ्यावरून मोसमी वाऱ्यावर गेलेली ती मिरी सुमारे दोन हजार वर्षं तशीच पडून होती. दाणे ओळखू येत होते. त्याच काळात रोममध्ये लेखक प्लिनी मिरीच्या नावाने बोटं मोडत होता. काळी मिरी पौंडाला चार दिनार, पांढरी सात, लांब मिरी म्हणजे पिंपळी पंधरा. जिच्यात तिखटपणापलीकडे काही नाही, तिच्यासाठी लोक हिंदुस्थानला पैसे पाठवतात, ही त्याची तक्रार.

पोर्तुगीज आले ते मिरीसाठी. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत कोचीच्या राजाशी करार करून त्यांनी मिरीचा भाव बांधून घेतला. तो वर्षानुवर्षं तसाच ठेवला. मराठीत याला डोक्यावर मिरे वाटणं म्हणतात. पिकवणाऱ्याकडे मिरी होती, पण बांधलेला भाव आणि समुद्रावर त्यांच्या तोफा, अशात त्याला थांबायची सोय कुठली? हे पोर्तुगीज मिरी न्यायला आले आणि अमेरिकेतून आणलेली मिरची ठेवून गेले. मिरचीला आपल्याकडे नाव नव्हतं, म्हणून मरीच-मिरीच्या नावातूनच तिला नाव मिळालं. जी परसात फुकट उगवते ती मिरची मसाल्यात पाच किलो झाली आणि जिच्यामुळे सगळं घडलं ती मिरी पावशेर राहिली.

आमच्या घरात दुसरी मिरीची गोष्ट आज्याची. तो तरुणपणी गलबतावर खलाशी होता. मंगळुरूहून कौलं, मलबारातून काथ्या, नारळ आणि कधी मिरीच्या गोण्या घेऊन गलबत भाऊच्या धक्क्याकडे येई. रात्री मिरीच्या गोण्यांवर झोपलं की थंडी वाजत नाही, असं तो सांगे. आणि रात्र झाली की त्याची ठरलेली गोष्ट सुरू होई. आंग्रेसरकारने कुलाब्यासमोर इंग्रजांचं जहाज धरलं, त्यात गोरी मडम होती आणि सोन्याने भरलेल्या पेट्या होत्या. सरकारने मडमेची ओटी भरून तिला सन्मानाने परत पाठवलं.

लहानपणी मला वाटे, हे आमच्याच कुलाब्यात, घरासमोरच घडलं. आज्याचा कुलाबा अलिबागसमोरचा होता, हे फार उशिरा उमगलं. गोष्ट मात्र खरी निघाली. १७१२ च्या नोव्हेंबरात कारवारहून मुंबईला येणारा 'ॲन' नावाचं जहाज कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने पकडलं, सोबत मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची नौकाही. कारवारच्या वखारीतला थॉमस चाऊन त्या लढाईत मेला. त्याची तरुण बायको कॅथरिन कैद झाली. ओटी वगैरे काही भरली नाही. तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला १७१३ मध्ये सोडलं. आणि जहाजात सोनं नव्हतं. मिरी आणि मेण होतं.

आज्याला हे सांगितलं असतं तर त्याचा विरस झाला असता की नाही, कोण जाणे. मिरीच्या गोण्यांवर झोपलेल्या माणसाने गोष्टीत मिरीचं सोनं केलं होतं. भावाच्या हिशेबाने तो फारसा चुकला नव्हता.

कॅथरिनची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. कारवारला ती मुलगी असताना आली, तिचा पहिला नवरा कारवारच्या वखारीचा प्रमुख, दुसरा त्याच वखारीतला. तिसरा विल्यम गिफर्ड, तो केरळातल्या अंजेंगोच्या वखारीवर गेला. तीही मिरीचीच. १७२१ च्या एप्रिलमध्ये मिरीच्या व्यवहारावरून चिडलेल्या लोकांनी अट्टिंगलजवळ गिफर्डसह सुमारे एकशे चाळीस माणसं कापून काढली. कॅथरिन होडीतून मद्रासकडे निसटली. मिरी पिकवणाऱ्यांना भावासाठी थांबता येईना, तेव्हा त्यांनी हिशेब असा चुकता केला. इतिहासात तो 'उठाव' म्हणून नोंदला गेला.

थांबण्याचंही एक गणित असतं, आणि ते उसन्या पैशावर जमत नाही. लंडनमध्ये गाराबेद बिशिर्गियन नावाच्या व्यापाऱ्याने पांढरी मिरी साठवून बाजार मुठीत घ्यायचं ठरवलं. गोदामं भरत गेली, कर्ज वाढत गेलं, आणि १९३५ साली त्याचा सगळा डाव कोसळला. पुढच्या वर्षी त्याला शिक्षा झाली. मिरी थांबली, बँक थांबली नाही. पणजीच्या वाक्याला मी इथे एक पुरवणी जोडते: थांबता येतं त्याचा भाव, पण स्वतःच्या पैशावर थांबता आलं तर.

आपल्याकडे मिरीचा भाव ठरायचा कोचीला. मट्टनचेरीच्या ज्यू टाउनमध्ये १९५७ पासून मिरीचा वायदेबाजार भरे. माणसं ओरडून सौदे करत. चाळून निवडलेल्या मिरीला व्यापारात 'गार्बल्ड' म्हणतात. शब्द अरबी, अर्थ चाळलेली. अरब व्यापारी गेले, त्यांची चाळणी राहिली. पुढे सौदे संगणकावर गेले आणि आरडाओरडा थांबला. डिसेंबर २०१२ मध्ये कोचीच्या गोदामांतली हजारो टन मिरी अन्नसुरक्षा खात्याने सील केली. खनिज तेल लावून चमकवलेली आढळली होती. साठा होता, भाव होता, पण विकता येत नव्हतं. असं थांबणं पणजीच्या हिशेबात नव्हतं.

२००० नंतर व्हिएतनाम पुढे गेला आणि जगाचा भाव तिथून ठरू लागला. आपल्याकडचा मोठा वाटा आपणच खातो. म्हणून भारत मिरी विकतो तशी आणतोही. श्रीलंकेशी झालेल्या करारात वर्षाला अडीच हजार टन मिरी शुल्काशिवाय येते. त्या वाटेने दुसरीकडची मिरीही आत येते, अशी इथल्या बागायतदारांची ओरड. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने आयातीला किलोमागे पाचशे रुपयांची किमान किंमत लावली. तरी २०१८ मध्ये देशातला भाव चारशेच्या खाली आला. आमच्या घरी त्या वर्षी पावशेर परत आला. वायनाड-कोडगूच्या बागायतदाराला ते वर्ष कसं गेलं असेल, हा विचार मसाला भाजताना मला पहिल्यांदा आला. आमची स्वस्ताई म्हणजे त्याचं ओझं. पण तो निदान मिरी पोत्यात बांधून पुढच्या वर्षाची वाट पाहू शकतो.

आम्ही ते करू शकत नाही. ससून डॉकला पहाटे कोळंबी उतरते, निर्यातदाराचा माणूस काउंट बघतो, म्हणजे किलोत किती नग बसतात ते, आणि भाव सांगतो. तो भाव परदेशातल्या गिऱ्हाइकावरून ठरलेला असतो. नाही म्हणायला आमच्याकडे दुपारपर्यंतचा वेळ असतो. थंड गोदाम ज्याचं, कोळंबी त्याची. आमच्या बायकांनी वलांडीवर बोंबील वाळवले ते याच साठी. सुकं म्हावरं म्हणजे आमची मिरी. त्याच्या भावात निदान एक दिवस तरी 'नको तर राहू दे' म्हणता येतं. मच्छीमार संस्थांनी बर्फाबरोबर शीतगोदामांसाठीही तेवढ्याच जोराने भांडावं, असं मला वाटतं. भाव वाढवून मागण्यापेक्षा थांबायची जागा मागितलेली बरी.

आजी आता नाही. यंदा मिरी मीच आणली. भाव विचारला, घासाघीस केली, उठून गेल्यासारखंही केलं. दुकानदाराने मान वर केली नाही.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत दर्या बंद. एकसष्ट दिवस घरात सुकं म्हावरं आणि हा मसाला. पाच किलो मिरची, पावशेर मिरी.