चाळीस दिवस आणि एक नदी : यीचांगचे स्थलांतर, १९३८

१/ ऑक्टोबर १९३८. चीनमधील यांगत्से नदीकाठच्या यीचांग या लहानशा बंदरात सुमारे ३०,००० माणसे आणि जवळपास ९०,००० टन यंत्रसामग्री अडकून पडली होती. नदीच्या खालच्या अंगाने जपानी सैन्य पुढे सरकत होते. वरच्या अंगाला सिचुआन प्रांताचा आसरा होता. पण वाटेत यांगत्सेच्या तीन दुर्गम घळी होत्या. मोठा माल घेऊन त्या घळींतून जाण्याइतके पाणी नदीत आणखी सुमारे चाळीसच दिवस राहणार होते. ही त्या चाळीस दिवसांची कथा.

२/ मुळात एवढी यंत्रे नदीकाठी आली कशी? चीनचे आधुनिक उद्योग तेव्हा प्रामुख्याने समुद्रकिनारी आणि यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात एकवटलेले होते. व्यापाराच्या दृष्टीने ही रचना सोयीची होती, युद्धाच्या दृष्टीने मात्र घातक. जुलै १९३७ मध्ये जपानशी युद्ध पेटले आणि ऑगस्टमध्ये शांघाय हीच रणभूमी झाली. कारखाने हलवावेत, हा सरकारचा निर्णय आणि तोफांचा पहिला भडिमार एकाच महिन्यातले.

३/ शांघायमधील कामगारांनी गोळीबाराच्या छायेत यंत्रे सुटी केली. ती लाकडी नावांत चढवली, वर झाडाच्या फांद्या व गवत पसरले आणि नावा सूचौ नदीतून पश्चिमेकडे सोडल्या. नोव्हेंबरमध्ये शहर पडेपर्यंत सुमारे १४६ कारखान्यांची १४,६०० टन सामग्री आणि अडीच हजार कामगार बाहेर पडले. शांघायमधील हजारो कारखान्यांच्या मानाने ही संख्या अल्पच होती. बाकीचे मागे राहिले, नष्ट झाले अथवा परकीय वसाहतींच्या आश्रयाला गेले.

४/ पहिला मुक्काम वुहान. परंतु १९३८ च्या उन्हाळ्यात शत्रू वुहानच्याही दिशेने निघाला. त्यामुळे तेथील शस्त्रनिर्मितीचे व पोलादाचे कारखाने आणि शांघायहून आलेली यंत्रे असे सारेच पुन्हा हलवावे लागले. वुहानहून निघणारी मोठी जहाजे यीचांगपर्यंतच जाऊ शकत. पुढच्या घळींत प्रवाह वेगवान, पात्र अरुंद आणि तळाशी खडक. तेथे लहान पण शक्तिशाली जहाजेच चालत. म्हणून प्रत्येक पेटी यीचांगला उतरवून दुसऱ्या जहाजात चढवणे भाग होते. सारा देश जणू एका चिंचोळ्या नरसाळ्याच्या तोंडाशी येऊन थांबला.

५/ हे नरसाळे मोकळे करण्याची जबाबदारी आली लू झ्वोफू यांच्यावर. सिचुआनमधील एका गरीब घरात १८९३ साली जन्मलेल्या या गृहस्थांचे शालेय शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेले नव्हते. पुढे ते स्वतःच शिकले, शिक्षक झाले, पत्रकार झाले. १९२५ मध्ये त्यांनी मिनशेंग ही जहाज कंपनी काढली. तिचे पहिले जहाज अवघे ७० टनांचे होते. युद्ध सुरू होईपर्यंत वरच्या यांगत्सेवर या कंपनीचे वर्चस्व निर्माण झाले. १९३८ मध्ये लू दळणवळण खात्याचे उपमंत्रीही होते.

६/ २३ ऑक्टोबरला लू यीचांगला पोहोचले. नदीकाठी मैलोगणती यंत्रे उघड्यावर पडली होती आणि आकाशात जपानी विमाने येत होती. धर्मशाळा व शाळा भरून गेल्याने माणसे रस्त्यावर झोपत होती. जहाज कंपन्यांच्या कचेऱ्यांत दारापासून शेवटच्या मेजापर्यंत विनवणी करणारे, भांडणारे, हुकूम दाखवणारे यांचीच गर्दी. व्यवस्थापकांचा सारा वेळ वाटाघाटींत जाई. जहाजे चालवायला कोणी मोकळे नव्हते. दोनच दिवसांनी हानकौ, म्हणजे वुहानचे मुख्य बंदर, पडले.

७/ याच शरद ऋतूत हानकौ, यीचांग, चोंगचिंग या मार्गाने एक भारतीय वैद्यकीय पथकही पुढे सरकत होते. काँग्रेसने चीनच्या मदतीसाठी पाठवलेल्या त्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीसांची कथा महाराष्ट्राला सुपरिचित आहे. ज्या नदीमार्गाने ते गेले, त्याच मार्गाने एका देशाचे कारखानेही जात होते, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

८/ गणित निष्ठुर होते. घळींत चालू शकणारी जहाजे चोवीस. त्यांतील बावीस मिनशेंगची. यीचांग ते चोंगचिंग चढणीला चार दिवस, उतरणीला दोन. रात्री घळींतून जाणे अशक्य. या गतीने सारा माल हलवायला सुमारे एक वर्ष लागले असते, आणि हाती होते चाळीस दिवस. नवी जहाजे मिळण्याजोगी नव्हती. वाचवता येण्याजोगी एकच वस्तू होती, ती म्हणजे आहे त्या जहाजांचा वेळ.

९/ लू यांनी प्रवासाचे तीन टप्पे पाडले. नदीचे पाणी ओसरते तेव्हा टप्प्याटप्प्याने जहाजे चालवण्याचा अनुभव मिनशेंगच्या गाठीशी आधीच होता. पहिला टप्पा यीचांग ते सांदोउपिंग, दुसरा तेथून वानश्यान, तिसरा वानश्यान ते चोंगचिंग. अत्यंत महत्त्वाची आणि अवजड यंत्रे थेट चोंगचिंगला जात. बाकीचा माल पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यावर उतरवून जहाज लगेच परत फिरे. माल अंतिम ठिकाणी पोहोचवण्याचा हट्ट सोडून तो आधी शत्रूच्या तावडीतून बाहेर काढायचा, हे या योजनेचे मर्म होते.

१०/ दुसरा निर्णय अधिक कठीण होता. आधी काय जाणार? प्रत्येक कारखानदाराला स्वतःचे यंत्र देशाच्या दृष्टीने अपरिहार्य वाटत होते. लू यांनी सर्व वाटाघाटी बंद केल्या. मालाची निकड, वजन आणि आकार पाहून अनुक्रम ठरवला व तो सर्वांना बंधनकारक केला. एका यंत्राचे सुटे भाग एकत्रच निघावेत, हेही पाहिले जाई. कारण ज्याचा निम्मा भाग नदीकाठी राहिला, ते यंत्र वर पोहोचूनही निरुपयोगीच.

११/ मग नदीने वेगळीच लय धरली. रोज सकाळी पाच, सहा, कधी सात जहाजे निघत आणि दुपारनंतर तितकीच परतत. जहाज धक्क्याला लागण्यापूर्वीच त्याच्या कोठारांची झाकणे उघडलेली असत, यारींचे हात वर उचललेले असत आणि मालाने भरलेले पडाव नदीत वाट पाहत असत. रात्रभर दिव्यांच्या उजेडात हमालांची आरोळी आणि साखळ्यांचा खणखणाट चाले. दिवस प्रवासाचा, रात्र चढउताराची. परतीच्या फेरीतही जहाजे रिकामी नसत. सिचुआनचे सैनिक आघाडीकडे नेले जात.

१२/ माणसांचीही हीच व्यवस्था. पहिल्या जहाजातून युद्धात अनाथ झालेली शेकडो मुले रवाना झाली. प्रवासी जहाजांतील निजण्याच्या जागा रद्द करून त्या बसण्याच्या केल्या गेल्या. परिणामी एकाच जहाजात दुपटीहून अधिक माणसे मावू लागली.

१३/ पैशाचा प्रश्नही होताच. शस्त्रनिर्मितीच्या सामग्रीसाठी मिनशेंगने टनामागे ३० ते ३७ युआन आणि खासगी कारखान्यांच्या यंत्रांसाठी ६० ते ८० युआन आकारले. त्याच वेळी परकीय जहाजे व्यापारी मालासाठी टनाला ३०० ते ४०० युआन घेत होती. अडचणीतल्या माणसाकडून अधिकाधिक वसूल करण्याची संधी समोर असताना कंपनीने ती नाकारली.

१४/ जहाजांना न पेलणारा भार शेकडो लाकडी नावांनी उचलला. हलका माल त्यांच्यावर चढे आणि काठावरचे मजूर खांद्यावर दोर घेऊन त्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढत. विसाव्या शतकातील लेथयंत्रे अशा रीतीने शतकानुशतकांच्या जुन्या पद्धतीने घळी चढली.

१५/ चाळीस दिवस संपले तेव्हा माणसे केव्हाच निघून गेली होती आणि दोन तृतीयांश सामग्री हलली होती. पाणी ओसरत असतानाही उरलेला माल निघत राहिला. आणखी काही आठवड्यांनी त्या काठावर थोडेफार मोडीत निघालेले लोखंड तेवढे शिल्लक होते. यीचांग जपानच्या हाती पडले ते जून १९४० मध्ये, आणि तोवर ज्यासाठी ते घ्यावे, ते तेथे उरले नव्हते.

१६/ किंमतही मोठी होती. युद्धकाळात मिनशेंगची अनेक जहाजे बाँबहल्ल्यांत बुडाली वा निकामी झाली आणि शंभराहून अधिक कर्मचारी प्राणास मुकले. त्यांतील बहुतेकांच्या हाती बंदूक नव्हती. सुकाणू, फावडे किंवा साखळी होती.

१७/ सिचुआन व शेजारच्या प्रांतांत पोहोचलेली यंत्रे पुन्हा जोडली गेली. चोंगचिंगच्या आसपास शस्त्रनिर्मितीचे कारखाने उभे राहिले. काही डोंगरात खोदलेल्या गुहांत चालत. किनारा गमावलेल्या चीनने त्यांच्याच बळावर पुढची वर्षे तग धरला. या घटनेला पुढे चीनच्या उद्योगांचे डंकर्क म्हटले गेले. डंकर्कहून सैन्य परतले ते १९४० मध्ये. यीचांगहून कारखाने निघाले ते त्याच्या दीड वर्ष आधी.

१८/ युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे ठळक अक्षरांत येतात. यीचांगची लढाई मात्र एका वेळापत्रकाने जिंकली. काय आधी जाईल, काय थांबेल आणि कोणते जहाज कुठून परत फिरेल, हे ज्याने वेळेवर ठरवले, त्याने एकही गोळी न झाडता शत्रूच्या हातून एका देशाचे कारखाने सोडवून नेले.