कुत्र्याला चालायला शिकवणाऱ्या बायका



खेड्यात वाढलेल्या बाईला "जरा कुत्र्याला फिरवून आणते" हे वाक्य ऐकून अजूनही हसू येतं. कुत्र्याला काय फिरवायचं? तो आपला आपण फिरतो. आपण शेतावर निघालो की मागे येतो, बांधावर सावलीला बसतो, वाटेत परक्या वस्तीवरचं कुत्रं भेटलं तर भांडून येतो आणि भाकरीच्या वेळेला दारात हजर होतो. धनगराचा कुत्रा तर रात्रभर मेंढरांच्या वाड्याभोवती जागा असतो. त्याला कुणी गळ्यात पट्टा घालून सकाळ-संध्याकाळ हिंडवत नाही. पट्ट्याला दोरी लावून कुत्र्याबरोबर चालणं ही शहरातली रीत, आणि तशी अलीकडचीच. या रीतीच्या इतिहासात बायकांची नावं बरीच आहेत. आज त्यांतल्या काही जणींबद्दल बोलते.

आधी आपल्या मुंबईतली एक गोष्ट. शहरं वाढली तसा मोकळा कुत्रा सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला. मुंबईत कंपनी सरकारने उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. आठ आण्यांसाठी शिपाई कुठवर गेले, तर लोकांच्या दारातली, घरातली पाळीव कुत्रीही मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात मान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याची नजर दाखवतात, त्याला 'सगदीद' म्हणतात. ६ जून १८३२ ला पारशी लोक रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, कामं बंद, फौजेची रसदही अडवली. त्यांच्यासोबत इतर समाजांतलेही लोक होते. शेवटी सैन्य बोलवावं लागलं. कुत्र्यांवरून झालेला दंगा म्हणून आज आपण हसू, पण प्रश्न साधा होता: हा कुत्रा कुणाचा, हे ठरवायचं कुणी? गळ्यातला पट्टा, त्यावरचा बिल्ला आणि मालकाच्या हातातली दोरी, ही त्या प्रश्नाला शहरांनी पुढे दिलेली उत्तरं.

आता शिकवण्याकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुत्र्याला पद्धतशीर शिकवायचं काम पोलीस आणि लष्कर यांच्याकडे होतं. जर्मनीतल्या कॉनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने १९१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याची पद्धत कडक होती. दोरीला हिसका, आवाजात जरब, चूक केली की शिक्षा. मग पहिलं महायुद्ध आलं, विषारी वायूने आणि जखमांनी शेकडो तरुण आंधळे होऊन घरी परतले, आणि १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गला आंधळ्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्री तयार करायची शाळा निघाली.

ही गोष्ट जगाला सांगितली ती डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईने. ती स्वित्झर्लंडच्या डोंगरात राहून लष्करासाठी आणि पोलिसांसाठी जर्मन शेफर्ड कुत्री तयार करत असे. जर्मनीतली वाटाडी कुत्री पाहून तिने नोव्हेंबर १९२७ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला. नॅशव्हिल गावातल्या मॉरिस फ्रँक नावाच्या आंधळ्या तरुणाला त्याच्या वडिलांनी तो वाचून दाखवला. हा मुलगा विशीतला, पण घराबाहेर पडायचं तर पैसे देऊन सोबत्याला घ्यावं लागे. त्याने डोरोथीला पत्र घातलं: मला असा कुत्रा द्या, मी इकडे येऊन इतरांनाही शिकवीन. १९२८ च्या वसंतात तो स्वित्झर्लंडला गेला. तिकडे जाताना आगबोटीवर त्याला जवळजवळ पार्सलासारखं सांभाळून, कोंडून नेलं होतं. परत आला तो 'बडी' नावाच्या कुत्रीबरोबर, स्वतःच्या पायांनी. न्यूयॉर्कला उतरल्यावर वार्ताहरांनी त्याला गाड्यांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवायला सांगितलं. बडीने त्याला पलीकडे नेलं. त्याने डोरोथीला एका शब्दाची तार केली: 'यश'. जानेवारी १९२९ मध्ये नॅशव्हिललाच वाटाड्या कुत्र्यांची संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे.

या कामातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाटाड्या कुत्र्याला हुकूम पाळायला शिकवतात तसाच हुकूम मोडायलाही शिकवतात. मालक म्हणाला 'चल', आणि समोरून मोटार येते आहे किंवा पुढे खड्डा आहे, तर कुत्र्याने जागचं हलायचं नाही. मालक चिडला, पुन्हा म्हणाला, तरी नाही. आता विचार करा, मार खाऊन शिकलेला कुत्रा हे करू शकेल का? ज्याला फक्त भीती शिकवली, तो मालकाबरोबर खड्ड्यात जाईल. नकार द्यायचा तर आपण नकार दिल्यावर आपल्याला मारणार नाहीत, हा भरवसा लागतो.

घरच्या पाळीव कुत्र्यापर्यंत हे शिक्षण आणलं ते आणखी दोघींनी. न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईकडे पूडल जातीची कुत्री होती. पूडल म्हणजे कुरळ्या केसांचा, अंगावरचे केस नक्षीदार कापलेला कुत्रा. मुळात तो पाण्यात उडी मारून शिकार आणणारा, पण त्याच्या त्या केशभूषेमुळे लोक त्याला शोभेचं बाहुलं म्हणत. हेलनबाईंना ते झोंबलं. इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या परीक्षा होतात हे तिला माहीत होतं. ऑक्टोबर १९३३ मध्ये माउंट किस्को गावी आपल्या वडिलांच्या जागेत तिने तशी परीक्षा भरवली. आठ कुत्री आली, बघायला दीडशेच्या वर माणसं जमली.

परीक्षा काय होती? आज सकाळी बागेत कुत्रा घेऊन येणारी माणसं जे करतात तेच. मालकाच्या डाव्या बाजूला, गुडघ्याशी राहून चालणं, आधी दोरीने आणि मग दोरी सोडून. हाक मारली की येणं. बस म्हटलं की मालक दूर जाईपर्यंत बसून राहणं. लाकडी डंबेल तोंडात धरून आणून देणं. अडथळ्यावरून उडी. दिसण्याला गुण नाहीत. कुत्रा रूपाने कसा आहे यावर बक्षिसं देणाऱ्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती, आणि रूपावरून मोल करायची सवय फक्त कुत्र्यांपुरती नव्हती हे तुम्हाला सांगायला नको.

हेलनबाईंकडे कुत्र्यांची देखभाल करायला ब्लांश साँडर्स नावाची तरुणी कामाला लागली आणि पुढे शिकवण्यात तीच सगळ्यांत तयार झाली. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या केनेल क्लबने या परीक्षांचे नियम मान्य केले. पुढच्या वर्षी या दोघींनी मोटारीला २१ फुटांची गाडी जोडली, तीन पूडल बरोबर घेतले आणि देशभर सुमारे १०,००० मैल हिंडल्या. जिथे कुत्र्यांचं प्रदर्शन असेल तिथे थांबायचं, मैदानात उतरून कुत्र्यांकडून करवून दाखवायचं, पुढच्या गावाला निघायचं. १९३७ साल, दोघी बायका, मोटार स्वतः चालवणाऱ्या! ब्लांशच्या १९४६ च्या पुस्तकाचं नावच असं होतं, की ते कुत्र्याला नाही, मालकाला शिकवायला निघालं आहे हे लगेच कळावं.

इंग्लंडची बार्बरा वुडहाउस तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. जन्म १९१० चा, आयर्लंडमधला. तरुणपणी अर्जेंटिनात जाऊन घोडे माणसाळवले. टीव्हीवर तिचा कार्यक्रम आला तो १९८० मध्ये, म्हणजे वयाच्या सत्तरीत. लोकरी स्कर्ट, पायात साधे बूट आणि खणखणीत आवाज. फिरायला निघताना कुत्र्याला 'वॉकीज' म्हणायची तिची लकब घरोघरी झाली. ती कुत्र्यांवर कमी आणि मालकांवर जास्त ओरडे. वाईट कुत्रा नसतोच, हे तिचं म्हणणं. पण तिच्या हातात आवळणारी साखळी असे, आणि तिचा हिसका कुत्र्याच्या गळ्याला बसे. आजचे बरेच शिक्षक ते करत नाहीत आणि करू नये असं सांगतात. मला त्यांचंच पटतं.

हा बदल कुठून आला, तर समुद्रातून. १९६० च्या दशकात हवाईतल्या सागर उद्यानात केरन प्रायर नावाच्या बाईकडे डॉल्फिन माशांना शिकवायचं काम आलं. आपण मासा म्हणतो, पण डॉल्फिन मासा नाही. त्याला दोरी बांधता येत नाही, काठीने मारता येत नाही. रागावलं तर तो पोहत पलीकडे निघून जातो. मग उरतं काय? त्याने बरोबर केलं त्याच क्षणी शिट्टी वाजवायची आणि मासळीचा तुकडा द्यायचा. शिट्टी म्हणजे 'हेच, हेच केलंस ते बरोबर'. या पद्धतीच्या मुळाशी असलेला अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी आधीच केला होता. मॅरियन ब्रेलंड आणि तिचा नवरा १९४० च्या दशकातच कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत सगळ्यांना अशा रीतीने शिकवत होते. केरनबाईंनी १९८४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९९० नंतर शिट्टीच्या जागी टिक्‌ असा आवाज करणारी छोटी डबी घेऊन कुत्र्यांचे शिक्षक मैदानात उतरले. दोरी गेली नाही, रस्त्यावर ती हवीच. हिसका मात्र गेला. दोरी सैल ठेवून चाललं की बिस्किटाचा तुकडा, ओढलं की आपण उभं राहायचं. एवढंच. दारातल्या कुत्र्यावर करून बघा. पहिले चार दिवस तुम्ही बाजारापर्यंत पोचणार नाही, ही तयारी ठेवा.

आपल्याकडे कसलेल्या कुत्र्याचं नाव काढलं की मुंबई पोलिसांचा झंजीर आठवतो. सोनेरी लॅब्रेडॉर, पुण्यात शिकलेला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने तीन हजार किलोंहून जास्त स्फोटकं हुडकून दिली. २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. फुलांनी झाकलेल्या झंजीरला सलाम करणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो अजून लोक एकमेकांना पाठवतात.

फोटोवरून आठवलं. कुत्र्याचा फोटो काढणं आज सोपं वाटतं, कारण मोबाइल क्षणात टिपतो. १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला गेला, त्याला काही मिनिटं लागली. त्यात गाड्या नाहीत, घोडे नाहीत, रस्ता ओस. दिसतो तो एकच माणूस, बूट पॉलिश करून घेत स्थिर उभा असलेला, आणि त्याच्यापाशी पॉलिशवाला. जे हललं ते पुसलं गेलं. अशा काळात कुत्र्याचा फोटो मिळणार कसा? म्हणून जुन्या फोटोंत कुत्रा बहुधा झोपलेला किंवा कुणीतरी धरून ठेवलेला. १९०० मध्ये एक डॉलरचा, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा 'ब्राउनी' कॅमेरा आला. त्याला भरपूर ऊन लागे. म्हणून घरातले फोटो अंगणात आले, आणि अंगणात कुत्रा होताच.

आपल्याकडचा एक फोटो मला इथे सांगायचा आहे. फेब्रुवारी १९३४, दादरचं राजगृह. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई, मुलगा यशवंत, थोरल्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात रमाबाई गेल्या. तो फोटो पाहताना नजर आधी त्यांच्याकडे जाते आणि मग टॉबीकडे.

प्राण्यांचे फोटो हाच धंदा करणारी एक बाई होती, इला. खरं नाव कामिला कॉफलर, जन्म व्हिएन्नाचा, १९११ चा. बेलग्रेडला शिल्पकला शिकायला गेली तेव्हा तिला कळलं की तिथल्या भाषेत 'कामिला' म्हणजे उंट. नाव बदललं. पुढे पॅरिसला एका स्त्री छायाचित्रकाराकडे हाताखाली काम केलं आणि १९३० च्या दशकात स्वतःचा स्टुडिओ काढला, फक्त प्राण्यांसाठी. लोक आपली कुत्री-मांजरं घेऊन येत. युद्धात ती अमेरिकेला गेली. मुलांसाठी तिने केलेली प्राण्यांच्या फोटोंची पुस्तकं खूप खपली, पण पुढे तिला स्टुडिओ पुरेना. आधी आफ्रिका, मग भारत.

१९५५ च्या मार्चमध्ये ती राजस्थानात भरतपूरला बैलगाड्यांच्या शर्यतीचे फोटो काढत होती. बैल धावत होते आणि तीही धावत्या जीपवर पुढे बसून कॅमेरा डोळ्याला लावून होती. तिथून ती पडली आणि गेली. वय त्रेचाळीस. भारतातल्या प्राण्यांचे तिचे फोटो तीन वर्षांनी पुस्तकरूपाने निघाले.

आज इथेच थांबते.