पाठाची वही आणि सातवी ब

गेल्या हिवाळ्यात दोन महिने घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून मी अचलपूरला गेलो. धाकटी बहीण बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिची इंटर्नशिप गावातल्याच एका हायस्कुलात सुरू झाली होती. रात्री अकरापर्यंत ती पाठाचं टाचण लिहायची, सकाळी साडी नेसून स्कूटीवर निघायची आणि संध्याकाळी आल्यावर अर्धा तास कुणाशी बोलायची नाही.

चौथ्या दिवशी चप्पल काढता काढता ती म्हणाली, "दादा, सातवी ब माह्याच्यानं नाही होत."

मी लॅपटॉपवरून मान न काढता म्हणालो, "मग सोड ना. पुण्याला ये, टेस्टिंगचा कोर्स कर. सहा महिन्यांत नोकरी."

ती काही बोलली नाही. टाचणाची वही टेबलावर आपटून आत गेली. ती वही मी उघडली आणि तिथून हा लेख सुरू झाला.

वहीत प्रत्येक पाठाचे तेच मथळे होते: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. डाव्या बाजूला शिक्षकाची कृती, उजव्या बाजूला विद्यार्थ्यांचा 'अपेक्षित प्रतिसाद'. म्हणजे साठ मुलं काय उत्तर देणार, हे आदल्या रात्रीच लिहून ठेवायचं! खाली निरीक्षकांचा लाल शेरा होता: 'वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे.' लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं, याबद्दल एक शब्द नाही.

बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी वही पाहिली, हसले आणि माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. त्यांची १९८६ सालची बी.एड.ची वही त्यात होती. कागद पिवळा, शाई निळी आणि मथळे तेच. अगदी त्याच क्रमानं.

आमच्या धंद्यात चाळीस वर्षं न बदललेला कोड सापडला, तर एक तर तो फार चांगला असतो किंवा त्याला हात लावायची कुणाची हिंमत नसते. यातलं नेमकं कोणतं, हे शोधायला मी वाचायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की 'वर्ग' ही काही सनातन गोष्ट नाही. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत वर्ग नव्हता. मुलं होती, धूळपाटी होती, प्रत्येकजण आपापल्या जागी होता: कुणी मुळाक्षरं गिरवतोय, कुणी पावकी-निमकी घोकतोय, कुणी मोडी वाचतोय. मोठी मुलं धाकट्यांना शिकवत. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं मद्रासमध्ये, वाळूत अक्षरं गिरवणारी देशी शाळेतली मुलं पाहिली आणि सैनिकांच्या अनाथ मुलांसाठीच्या आपल्या शाळेत तसाच प्रयोग केला. १७९७ मध्ये लंडनला त्याचा अहवाल छापला गेला. तिकडे जोसेफ लँकेस्टर अशाच पद्धतीनं शाळा चालवू लागला. एक मास्तर, शेकडो मुलं आणि मध्ये हुशार मुलांची फौज. गिरण्यांच्या इंग्लंडला हे स्वस्तातलं शिक्षण फार आवडलं.

पण मुलांनीच मुलांना शिकवायचं, तर पाठांतरापलीकडे गाडी जात नाही. मग ग्लासगोत डेव्हिड स्टो यानं सगळी मुलं पायऱ्यांवर एकत्र बसवून एकाच शिक्षकानं सगळ्यांना एकदम शिकवायची पद्धत आणली. त्यासाठी शिक्षक तयार करायला हवेत, म्हणून १८३७ मध्ये तिथं नॉर्मल सेमिनरी उभी राहिली. शिकाऊ शिक्षकानं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी बघायचा आणि मग त्याच्या चुका काढायच्या. माझ्या बहिणीच्या वर्गात मागच्या बाकावर शेरे लिहीत बसलेले निरीक्षक हे त्या पद्धतीचे थेट वारस.

मुंबई इलाख्यात हे वारं लवकर आलं. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षकांसाठी 'नॉर्मल क्लास' निघाला आणि तो बाळशास्त्री जांभेकरांकडे दिला गेला. पुढच्याच वर्षी ते वारले. सावित्रीबाई फुले यांचंही शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण झालं होतं: अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कुलात. आपण त्यांच्यावर फेकलेल्या शेणाची गोष्ट सांगतो, पण त्या रीतसर शिकलेल्या शिक्षिका होत्या हे सांगायला विसरतो. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं शिक्षक-प्रशिक्षणाच्या शाळा आणि शिकाऊ शिक्षकांना विद्यावेतन या दोन्हींची शिफारस केली.

आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिलं, त्यात शिक्षकांबद्दलचा भाग मी दोनदा वाचला. त्यांचं म्हणणं असं, की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवा, त्याला किमान १२ रुपये पगार हवा आणि तो अशा समाजातून यावा, की वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्याला लाज वाटणार नाही. म्हणजे समोर बसलेल्या मुलांमध्ये जो सहज मिसळेल असा. वर्ग कसा सांभाळायचा याचं उत्तर फुले तंत्रात शोधत नव्हते. समोरचं मूल कोणत्या घरातून आलंय हे शिक्षकाला ठाऊक आहे का, असा त्यांचा सवाल होता.

आमचा वऱ्हाड मात्र मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ मध्ये निजामानं तो इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे एलिचपूरच्या, म्हणजे अचलपूरच्या मराठी पोरांना हायस्कुलात शिकवायचं असेल, तर प्रशिक्षणाला जायचं ते सातपुड्यापलीकडे जबलपूरला, स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि अमरावतीला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९८३ मध्ये. बाबा तिथल्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एका तुकडीतले.

आता मथळ्यांचा उगम. जर्मनीत योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) हा तत्त्वज्ञ होऊन गेला. क्योनिग्सबर्गला कांटच्या खुर्चीवर बसलेला माणूस. नवीन कल्पना मनातल्या जुन्या कल्पनांना चिकटून आत शिरते, हे त्याच्या विचाराचं सार. त्यानं शिकवण्याचे चार टप्पे मांडले होते. त्याच्या शिष्यांनी, विशेषतः त्सिलर आणि येनाच्या राइन यांनी, त्यांचे पाच 'औपचारिक' टप्पे केले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते इंग्लंड-अमेरिकेत गेले आणि तिथून आपल्या ट्रेनिंग कॉलेजांत आले. पूर्वज्ञान जागं करणारी प्रस्तावना, विवेचन, संकलन, उपयोजन ही सगळी त्याच घराण्यातली. त्यावर १९५६ मध्ये ब्लूमच्या उद्दिष्टांचा थर चढला. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला निघालेलं सूक्ष्म अध्यापन त्यानंतर आलं. आपल्याकडे त्याचं ३६ मिनिटांचं चक्र झालं: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण, १२ पुन्हा नियोजन, ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. यात विद्यार्थी कोण? बरोबरचे बी.एड.वालेच. साड्या नेसलेल्या 'विद्यार्थिनी' शहाण्यासारखं बोट वर करून अपेक्षित प्रतिसाद देतात.

मग एके दिवशी सातवी ब समोर येते.

पाठ होता बहामनी राज्याच्या विघटनाचा. पुस्तकात पाच शाह्यांची यादी आहे आणि त्यात वऱ्हाडच्या इमादशाहीला जेमतेम एक ओळ. त्या इमादशाहीची राजधानी म्हणजे हेच गाव! बहिणीनं उत्साहानं प्रस्तावनेत विचारलं, "हौज कटोरा कुणी कुणी पाहिलाय?" तळ्याच्या मधोमध उभी असलेली ती अष्टकोनी इमारत गावात कुणाला ठाऊक नाही? चाळीस हात वर गेले आणि चाळीस तोंडं एकदम उघडली. एकजण म्हणाला तिथं भूत आहे, दुसरा म्हणाला तुहा काका आहे, मग दोघं एकमेकांच्या अंगावर. बहीण ओरडली. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन नुसते उभे राहिले, तशी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ते गेले, पुन्हा गोंधळ. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये लिहिलंय, की शिक्षक होण्याआधीच प्रत्येकानं विद्यार्थी म्हणून सुमारे १३,००० तास शिक्षकांना पाहिलेलं असतं. त्यामुळे हे काम आपल्याला माहीत आहे असं वाटतं. पण बाकावरून फक्त शिक्षकाची कृती दिसते, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. क्रिकेट टीव्हीवर पाहून बॅटिंग येत नाही, तसंच.

जेकब कुनिन या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट तर मी बहिणीला जेवताना सांगितली. व्याख्यानात पेपर वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला त्यानं टोकलं आणि त्याच्या लक्षात आलं, की ज्यांना टोकलं नव्हतं तेही सावरून बसले. यातून त्याचं संशोधन सुरू झालं. शाळांमधले वर्ग तपासून १९७० मध्ये त्यानं निष्कर्ष मांडला: गोंधळ झाल्यावर चांगले शिक्षक काय करतात आणि बाकीचे काय करतात, यात फारसा फरक नसतो. फरक असतो तो गोंधळ होण्याआधी. चांगल्या शिक्षकाची नजर सगळीकडे असते, आणि एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जाताना तो सांधा सैल पडू देत नाही.

हे ऐकून ती पहिल्यांदा ताठ बसली. "म्हणजे मी ओरडते ते चूक नाही, उशिरा आहे?"

सर्व्हर पडला की आम्ही कुणाला शिव्या देत नाही, आधी कितव्या मिनिटाला काय झालं ते लिहून काढतो. तसं आम्ही तिच्या तासांचं केलं. आठवडाभरात चित्र दिसलं. ती फळ्याकडे पाठ करून तीन-चार ओळी लिहायची, तेव्हा. नकाशे वाटताना. लवकर लिहून झालेली पहिली रांग रिकामी बसायची, तेव्हा. उपाय साधे निघाले. फळा आधीच लिहायचा. नकाशे रांगेच्या टोकाला द्यायचे. दारात उभं राहून मुलांना आत घ्यायचं, आणि आत येताच करायला काहीतरी द्यायचं. दोन रात्री बसून तिनं साठ नावांचा बैठकीचा तक्ता पाठ केला.

नावं पाठ करताना एक गोष्ट वर आली. शेवटच्या बाकावर दोन मुली होत्या, मेळघाटातून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या. घरची भाषा कोरकू. गोंधळाच्या नोंदींत त्यांचं नाव एकदाही नव्हतं. "मी त्यांना चांगल्या मुली समजत होते," बहीण म्हणाली. "त्या नुसत्या गप्प होत्या."

त्या रात्री बाबा बराच वेळ वही चाळत बसले होते. मग म्हणाले, "मी पयल्या वर्षी एका पोट्ट्याले छडीनं मारलं होतं. त्याचं चुकलंही नोतं. वर्ग हातचा चालला होता, म्हणून. मंग वर्ग गप्प झाला, अन् मले वाटलं जमलं आपल्याले." थोडं थांबून म्हणाले, "तो पोरगा त्या वर्षी काहीच बोलला नाही वर्गात." २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. छडी गेली ते बरंच झालं. पण छडीच्या जागी काय, याला वहीत आजही मथळा नाही. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि प्रत्यक्ष शाळेतल्या कामाला २० आठवडे मिळाले. ते उत्तर शोधायला मिळालेली जागा म्हणजे हे आठवडे.

इमादशाहीचा पाठ तिनं पुन्हा घेतला. या वेळी सुरुवात गोष्टीनं केली. फिरिश्ता लिहितो, की फतहुल्ला हा विजयनगरच्या प्रदेशातून लढाईत पकडून आणलेला मुलगा. तो वऱ्हाडात वाढला, सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र राजा. पकडून आणलेलं पोर राजा कसं झालं, यावर दोन मिनिटं प्रत्येकानं वहीत लिहायचं, मग बोलायचं. वर्ग लिहीत होता. मग तिनं विचारलं, गाविलगडाच्या दरवाजावर काय कोरलंय? चिखलदऱ्याच्या सहलीला गेलेले काही म्हणाले, वाघ. काही म्हणाले, हत्ती. शेवटच्या बाकावरून हळू आवाज आला, "दोन तोंडाचं पाखरू हाय."

गंडभेरुंड. विजयनगरकडे वापरलं जाणारं चिन्ह. ती मुलगी त्याच डोंगरातली, तिनं तो दरवाजा सहलीत नाही, येता-जाता पाहिलेला. बहिणीनं तिला फळ्यावर ते पाखरू काढायला बोलावलं. वर्गात आवाज होताच, पण सगळा त्या पाखराबद्दल.

निरीक्षकांचा शेरा आला: 'वर्गनियंत्रण समाधानकारक. टाचणातील अपेक्षित प्रतिसाद व प्रत्यक्ष प्रतिसाद यांत तफावत.' दुसरं वाक्य वाचून आम्ही तिघंही हसलो.

मी हर्बार्टवर राग धरून वाचायला बसलो होतो, तो राग राहिला नाही. नवीन गोष्ट जुन्या ओळखीला चिकटते, हे त्या पाखरानंच सिद्ध केलं. बिघडलंय ते पुढे. माणसाच्या मनाबद्दलचा एक विचार मथळ्यांचा साचा झाला, आणि मुलीच्या ओळखीत काय आहे हे विचारण्याआधीच उजवा रकाना भरून टाकायची सवय लागली.

पुढची वाट सोपी नाही. टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, आणि नंबर लागलाच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ मध्ये वाढून माध्यमिकला मानधन झालं महिना १८,००० रुपये. माझा पहिला पगार याहून जास्त होता, आणि माझ्यासमोर साठ मुलं नव्हती. फुल्यांच्या १२ रुपयांचा वाद अजून मिटलेला नाही, एवढंच म्हणतो.

पुण्याला परत निघायच्या आदल्या रात्री तिनं मला नवी वही दाखवली. सगळे मथळे जसेच्या तसे, कारण गुण त्यालाच. फक्त उजव्या रकान्याच्या पलीकडे तिनं पेन्सिलीनं आणखी एक रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं: 'खरं काय म्हणाले'. तो रकाना पाठ झाल्यावर भरायचा. टेस्टिंगच्या कोर्सचं मी पुन्हा काढलं नाही.