यकृताची साक्ष

इ. स. १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या, त्या गिरणींत राबणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणीं जडणाऱ्या मारक पांडुरोगाचें कारण शोधण्यासाठीं. परळच्या हाफकिन संस्थेंत, आणि पुढें कुन्नूर व मद्रास येथें, त्यांनीं अन्नासंबंधीं नाना प्रयोग केले. यीस्टच्या अर्कानें हा रोग हटतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्यास पुढें फोलिक आम्ल हें नांव मिळालें. तें नांव १९४१ सालचें. पालकाच्या पानांतून द्रव्य निराळें काढलें, म्हणून पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तें पाडलें गेलें.

कर्करोगावरील औषधांनीं यकृतास होणारी इजा हा आमचा विषय असतां ही कथा कशाला, असें वाचक विचारतील. ह्या इजेचा इतिहास ज्या औषधाच्या आधारें उत्तम सांगतां येतो, तें मेथोट्रेक्झेट ह्याच आम्लाची हुबेहूब नक्कल आहे, हें त्याचें उत्तर.

बोस्टनच्या बालरुग्णालयांतील डॉ. सिडनी फार्बर ह्यांनीं ल्यूकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांस प्रथम फोलिक आम्लाच्या जातीचीं द्रव्यें देऊन पाहिलीं. रोग हटण्याऐवजीं बळावल्यासारखा दिसला. दुसरा एखादा तेथेंच हात टेकता. फार्बर ह्यांनीं उलट विचार केला. आम्लानें रोग पोसला जात असेल, तर आम्लच तोडावें. भीमावरम येथें जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हां अमेरिकेंतील लेडर्ले प्रयोगशाळेंत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या सहकाऱ्यांनीं आम्लाच्या रेणूंत किंचित् फेरफार करून अमिनॉप्टेरिन बनविलें. पेशी त्यास खरें आम्ल समजून आंत घेते आणि फसते. नवा डीएनए घडविण्याचें तिचें काम अडून पडतें. १९४८ च्या जूनमध्यें फार्बर ह्यांनीं सोळा मुलांवरील प्रयोगाची हकीकत छापली. त्यांपैकीं दहांस उतार पडला होता. निबंधाच्या मथळ्यांतच त्यांनीं 'तात्पुरता' हें विशेषण घातलें होतें, आणि आमच्या मतें त्या निबंधाचें मोठेपण ह्या एका शब्दांत आहे. सुब्बाराव त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वारले. लौकरच अमिनॉप्टेरिनची जागा त्याच्या धाकट्या भावानें, मेथोट्रेक्झेटनें, घेतली.

१९५५ सालीं कोल्स्की, ग्रीनस्पॅन व वॉरेन ह्यांनीं कळविलें कीं, हीं औषधें घेतलेल्या मुलांच्या यकृतांत तंतुमय वण आढळतात. जखम भरून येतांना कातडीवर जसा कठीण वण उरतो, तसाच हा प्रकार. मात्र यकृतांत वण फार पसरले तर रक्ताची वाट अडते. पूर्वीं तीव्र ल्यूकेमिया झालेलें मूल बहुधा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत जाई. इतक्या अवधींत असा वण धरणार केव्हां? औषधानें आयुष्याचे दिवस वाढविले, आणि वाढलेल्या त्या दिवसांनींच औषधाविरुद्ध साक्ष दिली.

पण साक्ष एकट्या औषधाविरुद्धच होती काय? ल्यूकेमियाच्या पेशी स्वतःच यकृतांत शिरून ठाण मांडतात. मुलांस वारंवार परक्याचें रक्त द्यावें लागे, आणि त्या रक्तांतून काविळीचे विषाणु येत. त्यांतील 'बी'ची खूण १९६० नंतरच्या दशकांत सांपडली, तर 'सी' १९८९ सालीं ओळखूं आला. शिवाय १९५३ पासून मर्कॅप्टोप्यूरिन हें दुसरें औषध जोडीस आलें होतें, आणि त्यानेंहि कावीळ होते. चार संशयित एकाच घरांत सांपडावे, तशी वैद्यांची स्थिति झाली. औषध थांबवून पाहावें, ही साधी परीक्षा. पण ह्या रोगांत औषध थांबविणें म्हणजे रोगास मोकळीक देणें.

निवाड्यास मदत झाली ती निराळ्याच रोग्यांची. सोरायसिस ह्या त्वचारोगावर १९५१ पासून हीं औषधें वापरण्यांत आलीं. ह्या लोकांस ना कर्करोग, ना नित्य परक्याचें रक्त. तरीहि सुईनें काढलेल्या यकृताच्या तुकड्यांत तेच वण दिसले. पुढें असेंहि आढळलें कीं, थोडें थोडें औषध रोज घेणाऱ्यांपेक्षां आठवड्यांतून एकदां घेणाऱ्यांस ही इजा कमी होते. पेशींत शिरलेलें मेथोट्रेक्झेट साखळी धरून आंतच रेंगाळतें. रोजच्या मात्रेनें यकृतास उसंत मिळत नाहीं. अर्थात् येथेंहि औषध सर्वस्वीं दोषी ठरलें नाहीं. मद्य, मेदवृद्धि व मधुमेह हे त्याचे साथीदार निघाले.

आज उपचारापूर्वीं 'बी' विषाणूची तपासणी करतात, कारण सुप्त विषाणु उपचारांत जागा होतो. मग वेळोवेळीं रक्त पाहून मात्रा कमी करतात, वा कांहीं दिवस थांबवितात. २०११ पासून उपयोगांत आलेल्या, प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणाऱ्या औषधांची तऱ्हा और आहे. तेथें मोकाट सुटलेली शक्तिच यकृतावर चालून जाते, आणि तिला आवरण्यास स्टेरॉइड द्यावें लागतें. आमच्याकडे मात्र डोळे पिवळे दिसले कीं कोणी मावशी काविळीची मुळी सुचविते, कोणी ती उतरविणाऱ्याचा पत्ता देतो. त्यांच्या मायेविषयीं आम्हांस शंका नाहीं; परंतु मुळी पोटांत गेली कीं संशयितांच्या यादींत पांचव्याची भर पडते, आणि डॉक्टरांस तें कोणी सांगत नाहीं.

ज्या परळांत विल्सबाईंनीं पांडुरोगाचा माग काढला, त्याच परळांत १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथें आज ल्यूकेमिया झालेल्या मुलांस मेथोट्रेक्झेट देतात. आणि मोठ्या मात्रेनंतर निरोगी पेशी वांचविण्यासाठीं जें ल्यूकोव्होरिन देतात, तें फोलिक आम्लाचेंच एक रूप आहे.