मोबाइलमधला फोटो उन्हात छापायचाय? वऱ्हाडात डिजिटल निगेटिव्ह बनवताना हे लक्षात ठेवा

घराच्या नकाशाला आपण आजही 'ब्लू प्रिंट' म्हणतो. नकाशा आता पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांनी येतो, नाव मात्र निळंच राहिलं. हे नाव सायनोटाइप या छपाई पद्धतीतून आलं. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ती शोधली. कागदाला लोहाच्या क्षारांचं द्रावण लावायचं, उन्हात ठेवायचं, पाण्यानं धुवायचं. ना डार्करूम, ना एन्लार्जर. गोव्यातल्या 'गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी'सारख्या संस्थांनी अशा जुन्या पद्धती आपल्याकडे जिवंत ठेवल्या आहेत.

अमरावती-अकोल्यात उन्हाची कमी नाही. तरीही पहिल्या प्रयत्नात हाती येतो तो बहुतेक वेळा निळा डाग. चूक बहुधा निगेटिव्हमध्ये असते. आणि निगेटिव्ह जमली तरी वऱ्हाडाच्या काही भागांत पाणी घात करतं.

निगेटिव्ह फोटोएवढीच का लागते?

सायनोटाइपचा कागद इतका मंद असतो की त्यावर प्रतिमा मोठी करून टाकता येत नाही. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवावी लागते. म्हणजे ए-४ फोटो हवा तर निगेटिव्हही ए-४. पूर्वी त्यासाठी मोठ्या काचा वापरायचे. आता मोबाइलमधला फोटो पारदर्शक शीटवर उलट्या छटांत छापला की काम होतं. अमेरिकी छायाचित्रकार डॅन बर्कहोल्डर यांनी १९९५ मध्येच यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं.

बनवायची कशी?

फोटो कृष्णधवल करा, छटा उलट्या करा, आरशातल्यासारखा फिरवा. फिरवायचा यासाठी की शाईची बाजू कागदाला चिकटून राहिली तरच रेषा धारदार येतात.

शीट घेताना मात्र चौकशी करा. इंकजेट प्रिंटरला खास लेप असलेली शीट लागते, साध्या ओएचपी शीटवर शाई ओघळते. उलट, इंकजेटची शीट लेझर प्रिंटरमध्ये घातली तर आत वितळून मशीनच बिघडू शकतं. झेरॉक्सच्या दुकानातली लेझर प्रिंट विरळ वाटली तर दोन प्रती तंतोतंत एकावर एक ठेवायच्या. जुगाड आहे, पण चालतो.

खरी मेख पुढे आहे. स्क्रीनवर छान दिसणारी निगेटिव्ह कागदावर भलतीच उमटते, कारण कागदाला डोळ्यांना दिसणारा प्रकाश नाही, अतिनील किरणं लागतात. शाई डोळ्यांना काळी दिसली तरी ती किरणं पुरेशी अडवेलच असं नाही. म्हणून आधी चाचणी घ्या. लेप लावलेल्या कागदाच्या पट्टीवर कोरी शीट ठेवा आणि दर दोन मिनिटांनी थोडा थोडा भाग झाकत जा. धुतल्यावर ज्या वेळेनंतर निळा आणखी गडद होत नाही, ती तुमची वेळ. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ छटांची पट्टी निगेटिव्ह म्हणून छापून तेवढाच वेळ उन्हात ठेवा. कुठल्या छटा एकमेकींत मिसळल्या ते दिसेल. फोटो एडिटरमधल्या 'कर्व्ह'ने त्या वेगळ्या करा. पांढरा भागही निळसर आला तर शाई कमी पडतेय. हे कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं. प्रिंटर, शीट किंवा कागद बदलला तरच पुन्हा.

ऊन म्हणजे उष्णता नव्हे

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, पण पाऱ्याचा छपाईशी थेट संबंध नाही. दुपारी चारला चटका जवळपास तेवढाच असतो, अतिनील किरणं मात्र बरीच उतरलेली असतात. मेच्या अखेरच्या आठवड्यात, शून्य सावली दिवसाच्या आसपास, भर दुपारी वेळ सर्वांत कमी लागतो. हिवाळ्यात तोच फोटो बराच जास्त वेळ मागतो. त्यामुळे चाचणी आणि छपाई एकाच प्रहरी करा. पावसाळ्यात कागद दमट राहतो आणि शाई त्याला चिकटते. अशा वेळी कागद अंधारात पूर्ण वाळल्याशिवाय निगेटिव्ह ठेवू नका.

रसायनं

१०० मिलीलीटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीलीटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वापरताना दोन्ही समप्रमाणात. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी घेऊ नका आणि संडास साफ करायच्या ॲसिडसारखं तीव्र आम्ल जवळही आणू नका, विषारी वायू तयार होऊ शकतो.

खारपाणपट्ट्यात फोटो फिका का पडतो?

दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या पूर्णाकाठच्या तालुक्यांत बऱ्याच विहिरी-बोअरचं पाणी खारं आणि अल्कधर्मी असतं. सायनोटाइपचा निळा रंग म्हणजे प्रशियन ब्लू, आणि अल्कात तो तुटतो. म्हणजे उन्हात सगळं बरोबर करूनही फोटो धुताधुता फिका, पिवळट होऊ शकतो. पहिल्या धुण्यासाठी साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाका. शेवटी साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं. साबणाचा हात लावू नका.

वाळल्यावर निळा दिवसभरात आणखी गडद होतो. भिंतीवर लावून उन्हाने उडालेला रंगही काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवला की बराचसा परत येतो. खाऱ्या पाण्याने गेलेला मात्र असा परत येत नाही.