तोफखान्याचा कान

हिंगोली शहरात रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा अशी नावे मिरविणारे मोहल्ले आजही सुखाने नांदत असले, तरी तेथे ना घोड्यांची पागा उरली आहे, ना तोफेचा गाडा. निजामाच्या खजिन्यातून पोसलेली आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीत असलेली हैदराबाद कंटिंजंट ही फौज १९०३ साली मोडली आणि तिच्याबरोबर येथील छावणीही उठली. उगम नाहीसा व्हावा आणि नाद मात्र चालूच राहावा, या अवस्थेस वैद्यकात कर्णनाद म्हणतात; ती या गावाच्या नावनिशाणीतच भिनली आहे, असे मला वाटते.

तोफेला बत्ती देणाऱ्या गोलंदाजाच्या कानात बार झाल्यावर किती वेळ गुणगुण चालत असेल, याची फिकीर सरकारला नव्हती. घोड्याच्या चंदीचा हिशेब पैपैने लागे. शिपायाच्या कानाचा हिशेब कोण ठेवणार? ग्लासगोच्या टॉमस बार या वैद्याने बाष्पपात्रे ठोकणाऱ्या शंभर कारागिरांची श्रवणशक्ती तपासली, ती १८८६ साली. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार नळी असून तीत केसाळ सूक्ष्म पेशी असतात; प्रचंड आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे ज्ञान मात्र त्याहून अलीकडचे.

आपल्या जुन्या वैद्यांना कारण वेगळे दिसले, परंतु रोगाचे वर्णन मात्र त्यांनी कान लावून केले आहे. ‘माधवनिदाना’तील कर्णनादाचा रोगी कधी भेरी ऐकतो, कधी मृदंग, कधी शंख; वेणूसारखा सूर ऐकू आला, तर त्या व्याधीचे नावच निराळे, कर्णक्ष्वेड. युनानी हकिमांनीही, ज्यांना निजामी मुलखात दरबारचा आश्रय होता, ‘तनीन’ आणि ‘दवी’ अशी दोन नावे योजली. उपाय म्हणून वैद्य रोग्यास कुशीवर निजवी, कोमट तेल कानात सोडी आणि मात्रा मोजीत कानाचे मूळ अंगठ्याने हळूहळू चोळी. (पडदा फाटला असता हेच तेल घात करते, हे आजचे डॉक्टर सांगतात, आणि त्यांचे ऐकलेले बरे.)

कानाचे दुखणे तोफखान्याचे, तर या गावाचे दुसरे दुखणे, मानेचे, ते बाजाराचे. कापसाची मोठी पेठ म्हणून हिंगोलीचा लौकिक झाला आणि १९१२ साली पूर्ण्याहून रेल्वेचा फाटा येथवर आला. परंतु गाडीपर्यंतचा भार वाहावयास हमालाची मान आणि बैलाचा खांदाच लागे. सुश्रुताने मान आखडण्याची, म्हणजे मन्यास्तंभाची, कारणे सांगताना दिवसा निजणे, मान वेडीवाकडी ठेवणे आणि सतत वर पाहणे यांचा उल्लेख केला आहे, डोक्यावरच्या ओझ्याचा नव्हे. ओझ्याखाली चुंबळ ठेवणाऱ्या बायकांनी त्याला एवढे सहज सांगितले असते. बैलाच्या वाट्याला निदान खांदेमळणी आली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जू टेकते ती जागा ऊन पाण्याने शेकून तीवर हळद आणि लोणी चोळतात, आणि मग उद्याच्या जेवणाचे आवतण त्याच्या कानात सांगतात. वसमतच्या हळदीच्या या मुलखात ही पूजा मान आणि कान दोहोंची असते, ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.

कारण हे दोन अवयव वाटतात तितके परके नाहीत. मानेच्या वरच्या मणक्यांशी असलेल्या मज्जातंतूंचे संदेश मेंदूच्या बुडाशी श्रवणाच्या केंद्रापर्यंत पोहोचतात. म्हणूनच कित्येकांच्या कानातला आवाज मान वळविताच चढतो किंवा उतरतो. जुने वैद्य दोन्ही व्याधींच्या मुळाशी वातच धरीत. त्यांची उपपत्ती आज टिकत नाही, पण शेजार त्यांनी अचूक ओळखला होता.

मागे एकदा तोफखान्यात जाऊन एका वृद्ध पानवाल्यास मी विचारले, “काका, तोफा कुठं होत्या इथं?” त्याने प्रथम ऐकलेच नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर मान न वळविता सारे अंगच माझ्याकडे फिरविले आणि कानामागे तळहात धरून म्हणाला, “जरा मोठ्यानं बोला की, मालक.”